नाल्यातलं ओलं पाऊल

सातवीच्या वर्गात मी आज फळ्यावर ‘इज गोइंग’ लिहिलं आणि खिडकीतून वाळत घातलेल्या मोहफुलांचा उग्र गोड वास आत आला. खडू हातातच राहिला.

मी या मुलांच्याच वयाची होते, तेव्हाची गोष्ट. परीक्षा तोंडावर आलेली, म्हणून पहाटे बाबांबरोबर मोहफुलं वेचायला जातानाही माझं पाठांतर चालूच होतं. “हॅज गॉन म्हणजे गेला आहे. इज गोइंग म्हणजे जात आहे.” बाबा कधी शाळेत गेले नव्हते. पुढे चालता चालता ते नुसता हुंकार देत होते.

नाल्यापाशी ते थांबले. ओल्या वाळूत माझ्या पंजापेक्षा मोठं वाघाचं पाऊल उमटलं होतं.

“हॅज गॉन,” मी हळूच म्हणाले. “गेला ना, बाबा?”

बाबा खाली वाकले. “नाई पोरी,” ते कुजबुजले. “इथी पाह्य. पाणी अजून भरून राह्यलं. म्हंजे तो अजून जाऊन राह्यला.”

खरंच, पावलाच्या खळग्यात कडेकडेनं गढूळ पाणी झिरपत होतं. ठशातलं एकेक बोट बुडत होतं. समोरच्या बांबूत काहीच हलत नव्हतं, पण एकही पाखरू बोलत नव्हतं. ते पाऊल काठोकाठ भरेपर्यंत आम्ही तिथेच उभे राहिलो. मग बाबांनी माझा हात धरला आणि आम्ही रिकामी टोपली घेऊन आल्या वाटेनं परतलो.

इतकी वर्षं मी हे काळ शिकवते आहे. ‘इज गोइंग’पाशी आले की माझा आवाज अजूनही आपोआप खाली येतो. मुलांना वाटतं, बाईंचा घसा बसला.