काचेआडचं ऊन

सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी काचवाला स्वतःच्याच घराची खिडकी मोडत होता. छिन्नीच्या टोकाने तो चौकटीतली पुट्टी खरवडत होता. काच त्याच्याच दुकानातली, पुट्टीही त्यानेच भरलेली, तीही जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी.

मागे सतरंजीवर साडेतीन वर्षांची ठकी बसून बघत होती. तिचं खरं नाव वेगळं आहे, पण ते फक्त दवाखान्यात चालतं.

ठकीला इसब आहे. कोपरांच्या खाचा आणि गुडघ्यांची मागची बाजू वर्षभर लाल, खरखरीत. रात्री झोपेत खाजवून ती रक्त काढते, म्हणून निजताना तिच्या हातांत मोजे घालतात. मोजे घातले की ती रडते. एक रात्र तरी पोरीने मोकळ्या हातांनी झोपावं, एवढीच काचवाल्याची इच्छा होती.

डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं आणि वर सांगितलं होतं, "सकाळच्या कोवळ्या उन्हात थोडा वेळ बसवून बघा. काही मुलांना बरं वाटतं, काहींना उकाड्याने उलट जास्त खाजतं. हिचं काय होतं, ते नीट बघा आणि मला सांगा."

काचवाल्याच्या कानात ऊन तेवढं शिरलं. बाहेर रस्त्याची धूळ, वारा. पण ऊन आत आणि धूळ बाहेर, हे तर तो गिऱ्हाइकांना एकोणीस वर्षं ऐकवत आला होता. रविवारी त्याने पूर्वेच्या खिडकीच्या उघडणाऱ्या झडपा काढल्या आणि सबंध चौकटीत एकच जाड काच बसवली. रेघेएवढीसुद्धा फट नाही, असं काम.

बायको बेकरीत पहाटेच्या पाळीला जाते, त्यामुळे सकाळी ठकी त्याच्याकडे. आधी तो तिला काचेपाशी पंधरा मिनिटं बसवायचा, मग अर्धा तास, मग तासभर. औषध वाढवावं तसं ऊन वाढवत गेला.

"बाबा, खिडकी चावते," ठकी म्हणाली.

"खिडकीला दात असतात होय?" तो म्हणाला आणि हसला. ठकीही हसली, आणि कोपर खाजवू लागली.

दुसऱ्या आठवड्यात तिने मोज्यासकट खाजवून मान सोलून काढली. तो म्हणाला, ऊन कमी पडतंय.

बायकोची सुट्टी आली तेव्हा तिने काचेपाशी बसलेल्या पोरीच्या पाठीवरून हात फिरवला. झबलं ओलं होतं.

"अहो काचमहाल, जरा इथे बसा."

"मला दुकान उघडायचंय."

"दहा मिनिटं. आणि हलायचं नाही."

तो बसला. सहाव्या मिनिटाला त्याने सदऱ्याचं वरचं बटण सोडलं. आठव्या मिनिटाला मानेवरून घाम ओघळला.

"मी रोज भट्टीसमोर उभी असते," ती म्हणाली. "पण मला पगार मिळतो. तिला काय मिळतंय?"

त्याच दिवशी तिघं दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "काचेतून उजेड येतो, ऊबही येते. पण उन्हातला जो भाग कातडीच्या उपयोगी पडू शकतो, त्यातला बराचसा काच अडवते. राहिली ती ऊब. तिने घाम येतो आणि घामाने खाज सुटते."

"म्हणजे मी नेमकं उलटं केलं."

"काच लावलीत, ती काढताही येते. उघड्या हवेत, कोवळं ऊन, दहा मिनिटं. चेहरा, मान लाल दिसली की लगेच सावलीत. मलम रोज. आणि गुण येईलच असं मी म्हणत नाही, बघू या असं म्हणते."

एकोणीस वर्षांत काच काय आत येऊ देत नाही, हे त्याला कुणी गिऱ्हाइकाने विचारलं नव्हतं. त्यानेही विचारलं नव्हतं.

आज आठच्या आत काच निघाली. त्याने ती भिंतीला टेकवली आणि जुन्या झडपा पुन्हा बिजागऱ्यांवर चढवल्या. ठकीला उघड्या खिडकीशी बसवलं. वाऱ्याने तिचे केस डोळ्यांवर आले.

"काच कुठे जाणार?"

"विकणार."

"कुणाला?"

"ज्यांना थंडी वाजते त्यांना."

तिला ते पटलं. दहा मिनिटं झाल्यावर त्याने तिला सावलीत घेतलं आणि तिच्या झबल्यात मागून हात घालून पाहिला. पाठ कोरडी होती. पुन्हा एकदा पाहिला, मग मलमाची डबी उघडली.

हातांतले मोजे आज रात्रीही घालायचे आहेत; कामावर जाताना बायकोने तसं बजावलं आहे. ते कधी सुटतील, हे कुणी सांगितलेलं नाही.

ठकीचं ऊन आणि मलम आटोपून दुकान उद्यापासून साडेआठऐवजी नऊला उघडेल. शटरवर खडूने तसं लिहिलं आहे.