लॅपटॉपची घूं अन् सुखदेवचा गळा

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. मोडक्या छत्र्यांसारखे ते घरात आपोआप जमतात. फेकवत नाहीत अन् कामालेही येत नाहीत! तीन बुढे एका खोलीत बसवा, मधात लॅपटॉप ठेवा, मग पहा कसा ढीग लागते.

आम्ही तिघं म्हणजे जुन्या खडी गंमतच्या, म्हणजे आमच्याकडच्या तमाशाच्या, पार्टीतले उरलेले. सुखदेव शाहीर, बापूराव ढोलकीवाला, अन् मी तुणतुण्यावर. काटोलकडच्या गावागावात उभ्यानं गायलो. शाळा म्हणाल तर चौथीत मास्तरनं कान पिळला, मी कान घेऊन घरी आलो, परत गेलो नाही.

यंदा उन्हाळ्यात सुखदेवच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणे ऑपरेशन करावंच लागंल. सुखदेवनं विचारलं, "गाणं राहील का?"

डॉक्टर म्हणे, "जीव राहील."

आमची गाणी कुठी छापली नाहीत. सारी त्याच्या गळ्यातच. म्हणून माह्या सुनेनं, प्रणितानं, नागपुरात वाडीच्या आमच्या घरी रेकॉर्डिंगचं सामान मांडलं. लॅपटॉप, आवाजाचा मिक्सर, माइक. सुखदेवच्या कानाले हेडफोन. तो जीव तोडून गायला. मागून लावून ऐकलं, तर गाण्याच्या पाठीमागं सारखं घूंऽऽऽ!

सुखदेव माह्यावर डाफरला. "तुणतुणं बंद ठेव ना गा!"

"अबे, तुणतुणं खुंटीले टांगलं आहे!"

"मग खुंटीवरून काढ! तिथंही वाजून राहिलं!"

•

बापूराव म्हणे, आवाज मोटारीचा आहे. झालं! कूलर बंद, पंखा बंद, फ्रीज बंद. नागपूरचा मे महिना अन् खोलीत तीन बुढे शिजून राहिले. घूं काही गेली नाही. फ्रीज मात्र बंदच राहिला.

संध्याकाळी आमच्या बुढीनं आमरसाचं भांडं समोर आपटलं. "सुखदेवभाऊ, पाहा! पाहुण्यांसाठी केला होता. सारा आंबला!"

सुखदेवनं बोट बुडवून चाखलं. "आंबला आहे वहिनी, पण गोडी गेली नाही. आमच्यासारखाच आहे."

बुढी हसली नाही. पण त्याले वाटीभर चांगला गूळशेंगदाणा दिला.

•

वायर आणायले लकडगंजात गेलो, घूंचं सांगितलं, तर दुकानदार म्हणे, "अर्थिंग सुकली असंल काका. अंगणात अर्थिंगचा पाइप असते. त्याच्या बुडाशी मीठ अन् पाणी टाका."

बापूरावले असलं काम सांगावंच लागत नाही. अंगणात पाइप दिसला की यानं पोतंभर मीठ अन् बादल्यांवर बादल्या ओतल्या. वरून नमस्कारही केला!

तो पाइप बुढीनं कारल्याच्या वेलासाठी गाडला होता. घूं तशीच राहिली. कारली कायमची शांत झाली.

•

एक दिवस प्रणिता ऑफिसले गेली होती. बापूरावनं मिक्सरच्या प्लगची जाडी, अर्थिंगची पिन चिकटपट्टीनं गुंडाळली. अन् काय सांगू, घूं गायब! बापूराव बसल्या बसल्या ढोलकी बडवू लागला. सुखदेव खुशीत माइकजवळ सरकला, ओठ जाळीले टेकले, अन् "आई गं!" म्हणत मागं पलंगावर!

"चावते हे!"

प्रणितानं येऊन ती पट्टी पाहिली अन् तिचं तोंडच उतरलं. "काका, ती पिन जीव वाचवायले असते! आवाज बंद करता करता तुम्हीच गेले असते!"

सुखदेव ओठ चोळत म्हणे, "आवाज तर चाललाच आहे पोरी. पिनीच्या नावानं काहून रडतेस?"

त्यावर बापूरावही हसला नाही.

मले उगाच जुनं आठवलं. उघड्या मैदानात हा माणूस गात होता, ना माइक ना भोंगा. पार शेवटच्या बैलबंडीवरचा बुढा मान हलवून दाद देत होता. आता बोटभर माइकसमोर तो दमून बसते, अन् आम्ही वायरी हलवतो.

•

ऑपरेशन परवावर आलं. प्रणितानं सुट्टी घेतली अन् पलंगाखाली शिरून एकेक वायर पाहिली. लॅपटॉपचा चार्जर किचनच्या बोर्डात होता अन् मिक्सर समोरच्या खोलीत. ती म्हणे, दोन्ही बोर्डांतून जमिनीत जायची वाट आहे, अन् मधातल्या वायरनं तुम्ही ते जोडले, म्हणून करंट गोल फिरून राहिला. तिनं दोन्ही प्लग एकाच एक्स्टेन्शनमध्ये लावले.

घूं गेली. हेडफोनमध्ये सुखदेवचा श्वास ऐकू येत होता, इतकं शांत!

"आता गा काका!"

सुखदेवनं एक ओळ म्हटली अन् थांबला. परत म्हटली. परत थांबला.

"पाणी देऊ?"

त्यानं मान हलवली. हेडफोन दाबून ऐकत राहिला. मग म्हणे, "तो कुठी गेला?"

"कोण काका?"

"मागचा."

शाहिरानं ओळ सोडली की मागचा ती धरून ठेवते, शाहीर दम घेईपर्यंत. त्याले झील म्हणतात. आमच्यात झील गंगाधर धरायचा. त्याले जाऊन लय वर्षं झाली.

प्रणिता माह्याकडं पाहू लागली. "बाबा, इतक्या मेहनतीनं काढला तो आवाज..."

"लाव पोरी," मी म्हटलं.

तिनं चार्जर काढून परत किचनच्या बोर्डात लावला. घूंऽऽऽ!

सुखदेवनं डोळे मिटले. जरा वेळ ऐकलं. "अजूनही बेसूरच आहे लेकाचा," म्हणाला, अन् गायले लागला.