मिळून येत नाही

ज्या सरकारी वकिलाने मला कोर्टात बेपत्ता ठरवलं होतं, त्याच्याच खांद्यावर मी शाल घातली. कमरेत वाकून. सिंगापुरात, टॅम्पिनीसच्या हॉलमध्ये, तमाम मराठी माणसांसमोर. शाल उलटी पडली, लेबल बाहेर. ती सरळ करायला पुन्हा वाकलो. एका सत्कारात दोनदा वाकणारा मी पहिलाच असेन.

साहेब आमच्या जिल्ह्याचे सरकारी वकील. विधानसभेच्या तिकिटाच्या खटपटीत होते. सिंगापूरला भाच्याकडे आले, तर इथल्या मंडळींनी सत्कार ठेवला. त्यांच्याच जिल्ह्याचा म्हणून मला पुढे केलं. मीही झालो. कारण माझी अक्कल अशी, की अण्णांची केस यांच्या हातात आहे, माणूस खूश झाला तर केस हलेल.

अण्णा म्हणजे माझे वडील, रिटायर्ड शाळामास्तर. विहाराच्या जागेवरून सरपंचाच्या भावाने त्यांना जातीवरून शिव्या घातल्या आणि फावड्याच्या दांड्याने हात मोडला. मी तेव्हा सुट्टीवर गावी होतो. विहाराच्या पायरीवरून सगळं पाहिलं, पोलिसांना जबाब दिला. बाकीचं गाव म्हणे त्या वेळी शेतात होतं. सगळंच्या सगळं. तेव्हा अण्णांचा शब्द आणि माझे डोळे, एवढीच केस.

साहेबांची एक रीत होती. आरोपी विरोधी गटाचा असला की साहेब स्वतः उभे राहायचे, पेपरात फोटो, केस धडाधड चालायची. आपल्या गटाचा असला की तारीख. मग आणखी तारीख. सरपंचाच्या भावाकडे पंचक्रोशीची मतं होती. हे जिल्ह्याला ठाऊक. मलाही ठाऊक. तरी जुरोंग आयलंडच्या रिफायनरीतली उरलीसुरली सगळी रजा टाकून मी साहेबांना डॉल्फिन दाखवत हिंडलो. गळ्यात त्यांच्या कॅमेऱ्याची पिशवी.

सत्काराला उत्तर देताना साहेबांनी मला हाताला धरून उभं केलं.

"हा आमच्याकडच्या वस्तीवरचा मुलगा. आज इथे इंजिनियर आहे. आता तुम्हीच सांगा, कुठे राहिलाय अन्याय?"

टाळ्या. तोवर त्या हॉलमध्ये मी नुसता इंजिनियर होतो. आता पहिल्या रांगेतल्या काकू मला नव्याने बघत होत्या, वरपासून खालपर्यंत. आणि मी? दात काढून उभा. लोक वाजवतात म्हणून त्या टाळ्यांत माझ्याही दोन मिसळल्या.

दुसऱ्या दिवशी साहेब आमच्या घरी जेवायला. वनिताने, म्हणजे माझ्या बायकोने, मटण केलं होतं. मी विषय काढला.

"साहेब, अण्णांच्या केसचं..."

"ते झालं की." साहेब नळी चोखत होते. "साक्षीदार मिळून येत नाही, असं कोर्टात लिहून दिलंय. समन्स गावच्या पत्त्यावर गेलं, तू काही तिथे नाहीस. उगाच इथून हेलपाटा कशाला तुला? मास्तरांना समजाव, मिटवून टाका म्हणावं. मला निवडून येऊ दे, वस्तीला समाजमंदिर देतो."

वनिता भाकरी वाढत होती. ती थांबली.

"अहो, विचारा ना साहेबांना. तुम्ही मिळून येत नाही, तर साहेब मटण कुणाच्या घरचं खातायत?"

साहेब मोठ्याने हसले. "वहिनी भारी आहेत." आणि भात मागितला.

मी वाढला. हो, मीच. हात आपोआप गेला. अण्णांचा हात कोपरात वळत नाही, ते डाव्या हाताने चमच्याने जेवतात. माझा हात वळत होता. छान वळत होता. भाताचा वाफाळलेला ढीग साहेबांच्या ताटात घालून आला आणि मला माझ्याच हाताची शिसारी आली.

"साहेब, जेवण झालं की टॅक्सी बोलावतो. उद्या विमानतळावर मी येणार नाही."

"का रे? ड्युटी?"

"नाही. साक्षीची तयारी."

साहेबांनी भातावर रस्सा ओतून घेतला. त्यांना तो विनोद वाटला असावा.

मग मी रजा मागायला गेलो, खरं कारण सांगून. रिफायनरीत देखभालीचं शटडाउन सुरू होतं, कामाची सगळ्यात मोठी गर्दी. आमच्या चिनी मॅनेजरने रजेचा तक्ता माझ्यापुढे सरकवला. "यू टेक ऑल युवर लीव्ह टू शो दिस मॅन डॉल्फिन. नाऊ यू वॉन्ट लीव्ह टू फाइट हिम? कॅनॉट लाह. यू गो, डोन्ट कम बॅक."

नोकरी गेली की इथे राहायचा पास गेला. पास गेला की फ्लॅट, वनिताचं इथलं राहणं, सगळंच. परतीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून बसलो. पिंजरा चांगला एअरकंडिशन्ड होता, आणि दार आतून मीच लावत आलो होतो. घरी येऊन वनिताला सांगितलं. ती म्हणाली, "तिकीट काढा."

तिकीट काढलं. तालुक्याच्या एका वकिलाने, आमच्यातल्याच, माझी साक्ष घ्यावी म्हणून अर्ज तयार ठेवलाय. सोबत पेपरातलं कात्रण: साहेब, शाल, मी, आणि खाली माझं नाव, सिंगापूरसकट. तो फोटो साहेबांनीच प्रचारासाठी छापून आणला होता. बेपत्ता साक्षीदाराला त्यांनीच घरोघर पोचवलं.

येत्या तारखेला मी त्या कोर्टात असेन. समन्स येवो न येवो. आत घेतलं नाही तर दारात उभा राहीन. पुढची तारीख पडली तर पुढच्या तारखेला. नोकरी गेली तर गेली. आता भात वाढणार नाही.

कॉलिंग कार्ड घेऊन अण्णांना फोन लावला. म्हटलं, "येतोय. साक्ष द्यायला."

 अण्णा मास्तरी आवाजात म्हणाले, "ये. पण तिथे ताठ उभा राहा. त्या फोटोत तू शाल घालतोयस की त्याची चप्पल शोधतोयस, हे अजून गावात कुणाला कळलेलं नाही."