लाल पट्ट्यांची पिशवी

गुपित ठेवायला जगातली सगळ्यात नालायक बाई कोण, असं कुणी विचारलं तर मी डोळे मिटून पुलगावच्या आमच्या घरमालकीणबाईंकडे बोट दाखवीन. आणि बाईंनी जन्मभर सांभाळलंय ते एकच गुपित: आपण कुणाला काय दिलं.

बाई अलिबागकडच्या यहुदी. नवरा इथल्या दारूगोळ्याच्या डेपोत होता; तो गेला, बाई राहिल्या, आणि बोली पार वऱ्हाडी झाली. शनिवारी त्या कामाला हात लावत नाहीत, म्हणून शुक्रवारी दुपारी त्यांची घाई. गल्ली जेवून आडवी झाली की भर उन्हात नवऱ्याचा रेनकोट चढवायचा, अडचणीतल्या घराच्या कडीला पिशवी अडकवायची आणि पळायचं. पळायचं म्हणजे काय, गुडघे दुखरे, एका चपलेचा अंगठा तुटलेला, फटक-फटक आवाज, वर स्वतःशीच मोठ्यानं, "कोनी नाई पाहून राह्यलं, चल!" पिशवी दर वेळी तीच, लाल पट्ट्यांची. रविवारी पुन्हा दारोदार विचारणार, "माही पिशवी कोनाले सापडली काय वो?" जिच्याकडे असेल ती गंभीर चेहऱ्यानं घडी आणून देई. "रस्त्यात पडलेली होती, बाई."

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. सातवीत शाळा सुटलेली मी, नवऱ्याच्या मजुरीमागे कोल्हापूरकडून इथं आलेली, सावलीला दचकणारी. पहिल्याच उन्हाळ्यात नवऱ्याला कावीळ झाली, काम बंद, डबे रिकामे. शुक्रवारी कडी वाजली आणि मी चटकन दार उघडलं. समोर रेनकोटातल्या बाई! मी पायच धरले. "बाई, तुमचे उपकार..."

"कोन बाई? मी नाई!" असं ओरडून, पिशवी टाकून बाई फटक-फटक गेल्या. तांदूळ ओटाभर.

शेजारच्या वच्छलाबाई धावत आल्या. "काऊन उघडलं वो दार? अख्खी गल्ली इतकी वर्सं झोपेचं सोंग घेऊन राह्यली, अन् तू पाया पडते!"

आता खोली सोडायला सांगणार, या धास्तीनं दोन दिवस मी दाराबाहेर पडले नाही. रविवारी पिशवी धुऊन घेऊन गेले. बाई फुगून बसल्या होत्या.

"बस, पोरी. आमच्यात याले दान नाई म्हनत. त्सेदाका म्हनते. म्हंजे न्याय. ज्याचं त्याच्या घरी पोचवनं. पोस्टमनच्या पाया पडते काय तू?"

"नाही."

"मंग? अन् घेनाऱ्यालेबी देनं चुकत नाई. तूही देजो."

"मी? माझ्याकडं काय आहे?"

"ते मले काऊन सांगते? मले दिसलं नाई पायजे, बस्स!"

त्याच तांदळातल्या दोन वाट्या मी गल्लीच्या टोकाला नव्यानं आलेल्यांच्या झोपडीच्या दारात ठेवल्या. एरवी भिंतीच्या कडेकडेनं चालणारी मी, येताना गल्लीच्या मधून आले.

यंदा बाईंचे गुडघे पुरतेच बसले. रेनकोट खुंटीला आहे, पिशवी माझ्याकडे. बाई विचारत नाहीत. शुक्रवारी दुपारी मी तिच्यात भाकरी, भाजी घालते, शनिवारचीसुद्धा, आणि त्यांच्या कडीला अडकवते. परवा अडकवताना माझ्या बांगड्या वाजल्या. खिडकीतून बाई थेट माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि घोरायला लागल्या. इतकं खोटं घोरणं मी कुठं ऐकलं नाही.

चपला हातात घेऊन, मी परत फिरले.