आरशातली बाई कुणाकडे बघते

माझं लग्न ओहायोत, डब्लिनला काकांच्या घरी लागलं. तिथल्या जवळच्याच विद्यापीठात पीएचडीचा प्रबंध महिन्याभरात द्यायचा आणि नवऱ्याबरोबर कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला राहायला जायचं, असं ठरलं होतं. विषय होता तुर्की चित्रं आणि साहित्यातला आरसा. जुन्या कवितेत प्रेयसीचा चेहराच आरसा, त्यात प्रियकर स्वतःला बघतो. पुढे पुरुष चित्रकारांनी आरशासमोर बसलेल्या बायका रंगवल्या. त्या बायका स्वतःच्या रूपात हरवल्या आहेत, असं मी चाळीस पानं भरून लिहिलं होतं.

मुंडावळ्या बांधून झाल्यावर फोटो काढणारा नवऱ्याचा मित्र म्हणाला, "वहिनी, हातातला आरसा जरा माझ्याकडे टिल्ट करा. आता आरशात बघा. स्माइल!"

मी बघितलं. आरशात मी नव्हतेच, त्याचा कॅमेरा होता.

"मला मी दिसत नाहीये," मी म्हटलं.

"तुम्हाला दिसायची काय गरज? फोटोत मस्त दिसताय ना!"

माझं डोकंच फिरलं. त्याच्यावर नाही, स्वतःवर. चित्रात आरशातला चेहरा आपल्याला समोरून दिसतो, म्हणजे ती बाई आपल्याकडे बघत असते. तिला तिथे चित्रकार दिसतो. स्वतःला न्याहाळायचं सोंग तिच्याकडून करवून घेतलंय आणि वर तिलाच नखरेल ठरवलंय. ठरवणाऱ्यांत मीही होते! दोन वर्षं ती चित्रं उशापायथ्याशी घेऊन झोपले. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मी आरसा माझ्याकडे वळवला. फोटोत नुसता अंबाडा आला.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना नवऱ्याला आणि सासरच्यांना सांगून टाकलं, की प्रबंधातलं त्या बायकांवरचं प्रकरण चुकलंय, नव्याने लिहिणार, वर्षभर इथेच राहणार.

"एकच चॅप्टर आहे यार," नवरा म्हणाला. "आहे तसं सबमिट कर. कोण वाचतंय?"

"मी वाचलंय. खोटं आहे ते."

मला भीती वाटत होती, नाही कशाला म्हणू? नवं लग्न होतं आणि तो मला आवडत होता. तरी फोन उघडून त्याच्यासमोरच माझं कॅलिफोर्नियाचं तिकीट कॅन्सल केलं.

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "लोकांना काय सांगायचं आम्ही?"

"सांगा, सुनेचं चुकलं होतं," मी म्हटलं, "आणि ते तिचं तिलाच कळलं."