खालच्या बोअरचं पाणी

माझ्या नणंदेला ऑफिसात सगळे बाटलीबाई म्हणतात. नव्या वसाहतींमधल्या बोअरचं पाणी बाटल्यांत भरून तपासायचं, घरोघरच्या सेप्टिक टँकमधून झिरपलेली घाण त्यात उतरलीय का ते पाहायचं, हे तिचं काम. तोंडाने भलतीच फटकळ. लग्न होऊन मी या घरात आले, तर आल्या आल्या म्हणाली, "वहिनी, तुमच्या माहेरचं पाणी जड दिसतंय, दात बघा जरा." असा राग आला होता मला!

या महिन्यात माझ्या लेकीची वसाहत तिच्याकडे तपासणीला आली. उतारावर ओळीने घरं, प्रत्येक घरामागे मैल्याचा खड्डा, आणि सगळ्यात खाली माझ्या लेकीचं घर आणि तिथलं बोअर. फाटकावर सेक्रेटरींनी बोर्ड लावलेला: पाणी उकळून प्यावे.

लेक बिचारी बोर्डापेक्षा चार पावलं पुढे. बाळाला पावडरीचं वरचं दूध लागायचं, म्हणून ती पाणी अर्धं उरेपर्यंत आटवायची, वर फडक्याने गाळायची. मीही शाबासकी देत होते. बाळ मात्र मलूल, दूध ओढेना. दात येत असतील म्हणालो आम्ही!

वन्सं बाटल्या घेऊन आल्या, चहाला म्हणून स्वयंपाकघरात डोकावल्या आणि पातेल्याकडे बघतच राहिल्या. मग बाळाचे ओठ पाहिले. निळसर.

"अगं, काय पाजतेस हे?"

"उकळून देते की, आत्या!"

"उकळून जंतू मरतात गं बाई, मैल्यातून उतरलेलं नायट्रेट नाही मरत! मीठ घातलेलं पाणी आटवलंस तर खारटपणा कमी होतो का वाढतो?"

बाळाला उचलून त्या तशाच रिक्षेत बसल्या. हॉस्पिटलात कळलं, नायट्रेटने बाळाच्या रक्तातला प्राणवायू अडतो, म्हणून ओठ निळे. निळ्या पडलेल्या जिवाला शिरेतून निळंच औषध दिलं. संध्याकाळी तो टाहो फोडून रडला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

पाण्याचा निकाल आला: खालच्या बोअरमध्ये नायट्रेट मर्यादेच्या दीडपट, आणि आटवलेल्या पाण्यात त्याच्याही दुप्पट. वन्संच्या साहेबांनी काय करावं? वरच्या बोअरचा आकडा, खालच्या बोअरचा आकडा, काढली सरासरी. बसली मर्यादेत! म्हणे दरवर्षी असंच लिहितात. वर नव्या इमारतीची परवानगी अडलीय, तेव्हा अहवालावर सही करा.

"साहेब," वन्सं म्हणाल्या, "आमचं बाळ सरासरी पीत नाही. खालच्या नळाचं पितं."

सही केली नाही. बदली होईल म्हणतात. होऊ दे.

मी सेक्रेटरींच्या दारात गेले. तो गृहस्थ मला म्हणतो, "काकू, बोर्ड लावलाय ना आम्ही? काळजी घेतलीच की!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रोग म्हशीला आणि औषध पखालीला! माझ्या नातवाचे ओठ निळे पडले ते याच काळजीने, मेल्या!

परतताना वन्सं फाटकापाशी दिसल्या. हातात काळ्या रंगाचा डबा. 'उकळून प्यावे' खोडून त्यांनी ठसठशीत अक्षरांत लिहिलं: खालच्या बोअरचं पाणी बाळाला देऊ नका. उकळूनही नाही. सेक्रेटरी मागोमाग धावत आले. "पुसा ते! कुणी परवानगी दिली?"

"पुसा ना," मी म्हटलं आणि बोर्डाला पाठ टेकून उभी राहिले. "आधी मला बाजूला करा."

आरडाओरडा ऐकून लेकीची शेजारीण बाहेर आली. गेल्याच आठवड्यात राहायला आलेली, कडेवर तान्ही पोर. माझ्या खांद्यावरून तिने बोर्ड वाचला. पुन्हा वाचला. धावत घरात गेली, आणि तिच्या मोरीत भरलेलं पातेलं उपडं केल्याचा आवाज आला.