सिद्धेश्वरच्या धरणावर अण्णाचा गळ आणि माझी राखण

अण्णाच्या बायपासला वर्ष होत आलं होतं. डॉक्टरांनी त्याला बहुतेक सगळं मोकळं करून दिलं होतं. वहिनींनी मात्र एक गोष्ट अडवून धरली होती, ती म्हणजे मासे धरणं. अण्णा हा माझा थोरला भाऊ, पोस्टातून निवृत्त झालेला. हातात गळ असला की त्याला जेवणाचीही आठवण राहत नाही. आयुष्यभर त्याने काठावर बसून गळ टाकले, पण हैदराबादहून फिरकीची नवी काठी आणल्यापासून त्याला होडीतून मरळ मारायची होती. मरळ पाणवेलीच्या आडोशाला दबा धरून बसते, काठावरून तिथवर गळ पोचत नाही, असं त्याचं म्हणणं. आणि अण्णाला पोहता येत नाही.

शेवटी वहिनींनी तोडगा काढला. "एकदा जाऊन या. भाऊजी सोबत असतील तरच. धड परत आलात तर महिन्यातून एकदा जात जा, मी ब्र काढणार नाही. काही झालं तर काठ्या माळ्यावर."

अण्णाने लगेच माझ्याकडे पाहिलं. शाळेत गणिताच्या पेपरानंतर मी त्याच्याकडे पाहायचो तसं. मी हो म्हणालो आणि त्या रात्रीपासून माझी झोप उडाली.

वाचकांनो, माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. गॅस बंद केला का हे बघायला मी बसस्टँडवरून परत आलेलो माणूस आहे. होडीत अंगावर चढवायची जाकिटं परभणीत कुठे मिळेनात, म्हणून पंक्चरवाल्याकडून ट्रकची जुनी ट्यूब घेतली आणि निम्मी हवा भरून खांद्याला अडकवली. सोबत अण्णाच्या गोळ्या, त्यांची चिठ्ठी, डॉक्टरांचा नंबर दोन खिशांत दोन वेळा लिहून, साखर, मीठ आणि टॉर्च. सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं होतं, तरीही टॉर्च.

सकाळी सहाच्या हिंगोली गाडीत चढलो. काठ्या जुन्या चादरीत गुंडाळलेल्या होत्या. कंडक्टरने काठ्यांकडे पाहिलं, मग ट्यूबकडे पाहिलं.

"काय हाय हे? सर्कस काढली काय?"

"मासे धरायला चाललो," अण्णा छाती काढून म्हणाला.

"मग हे टायर मास्यासाठी हाय का?"

सगळी गाडी हसली. अण्णाही हसला. मी मात्र ट्यूब मांडीवर घट्ट धरून बसलो. हिंगोली वेगळा जिल्हा होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती, पण आमच्याकडचे लोक अजूनही तिकडे जायचं म्हणजे आपल्याच जिल्ह्यात जायचं असं बोलत. रस्ता मात्र आपला म्हणावा असा नव्हता. प्रत्येक खड्ड्याला मी अण्णाच्या छातीकडे बघत होतो.

जवळा बाजारला आठवडी बाजार होता. कापसाच्या गाड्या, शेळ्या, मिरच्यांची पोती आणि त्यातून वाट काढणारी आमची गाडी. वीस मिनिटं जागची हलली नाही. खाली उतरून चहा प्यायलो. दोन रुपयांत अर्धा कप, पण आलं ठेचून घातलेलं. जाणार असाल तर भजी इथेच खाऊन घ्या, पुढे धरणावर काही मिळत नाही. अण्णाने भज्यांकडे नुसतं पाहिलं आणि मी त्याला फुटाणे घेऊन दिले. औंढ्याला उतरून देवाला लांबूनच हात जोडले आणि सिद्धेश्वरची जीप पकडली. माणशी दहा रुपये, बाराजण आत, दोघं मागे लटकलेले आणि माझी ट्यूब टपावर.

धरणाच्या भिंतीजवळ पाणी एकदम समोर येतं. पूर्णेचं ते पाणी बघत अण्णा नुसता उभा राहिला. मला पाणी फार मोठं वाटलं. पलीकडचा काठ धुक्यात होता, मधूनच बुडालेल्या बाभळींचे काळे शेंडे वर आले होते.

ओळखीच्या एकाने कांताबाईंचं नाव सांगून ठेवलं होतं. कांताबाई आणि त्यांचा नवरा रोज धरणात जाळी टाकतात. तो जाळं फेकतो, बाई वल्हं मारतात. त्या दिवशी नवऱ्याला ताप होता. झोपडीपुढच्या खाटेवर तो गोधडी घेऊन पडला होता, म्हणून होडी मोकळी होती. बाई पन्नाशीच्या, नऊवारीचा काष्टा घातलेल्या, पायात काही नाही. तळाला डांबर फासलेली लाकडी होडी त्यांनी एकट्यांनी पाण्यात ढकलली.

"दादा, तुमी मधी बसा. फळीच्या बराबर मधी," त्यांनी अण्णाला सांगितलं. मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि एक मोठा दगड उचलून होडीच्या नाकात ठेवला. "तुमचं वजन माह्या माणसापेक्षा जास्त हाय, भाऊ."

मी विचारलं, "होडी कधी उलटली आहे का?"

"लगीन होऊन आले तवापासून वल्हं मारून राहिले. न्हाई उलटली," बाई म्हणाल्या. "आज काहून उलटंल?"

नवख्या लोकांना होडीत काय काय खोडी लागतात, हे मला पहिल्या तासाभरात कळलं. काठावरची माणसं काठावरच्या सवयी घेऊनच होडीत चढतात. काठावर अण्णा गळ बदलला की जुना बाजूला टाकून देतो. इथे त्याने मरळीला भुलवायचा दोन काट्यांचा रबरी बेडूक तसाच तळाला टाकला, बाईंच्या अनवाणी पायाजवळ. मी ओरडलो, उचलला, डबीत घातला. दहा मिनिटांनी दुसरा. मग त्याने गळ फेकायला काठी आडवी फिरवली, ती माझ्या कानाजवळून सूं करून गेली. काठावर शेजारी कोणी नसतं, म्हणून मागे बघायची सवयच नाही. एकदा गळ बाभळीत अडकला तर अण्णाने दोरी तळहाताला तीन वेढे देऊन खेचायला सुरुवात केली.

"सोडा, सोडा दादा!" बाई पुढे झुकल्या. "होडी वाऱ्यानं सरकून राहिली. बोटं जातील. दोरी काठीला गुंडाळा, मी होडीच माघारी घेते."

त्यांनी होडी गळाच्या पलीकडे नेली, अण्णाने उलट्या बाजूने हलका झटका दिला आणि गळ सुटला. इतकं सोपं होतं ते. मी मनातल्या मनात वहिनींना सांगायच्या गोष्टी आणि न सांगायच्या गोष्टी वेगळ्या करत होतो.

पण सगळ्यांत वाईट खोड म्हणजे उभं राहणं. पाणवेलीत काही हललं की अण्णा उठायचा. तो उठला की मी उठायचो, मागून त्याचा स्वेटर धरायला. होडी कचकन कलायची, अण्णा खाली बसायचा, मीही बसायचो. असं चार-पाच वेळा झालं. अण्णाचं काय व्हायचं ते होवो, मलाच त्या दिवशी झटका येणार असं वाटत होतं.

बाईंनी वल्हं थांबवलं. "भाऊ, तुमी काहून उठून राहिले?"

"अण्णा पडेल ना. त्याला पोहता येत नाही."

"ते उठले तं तुमी बसून ऱ्हावा. आमचे हे जाळं फेकायला उभे ऱ्हातात, तवा मी हलत न्हाई. डोळ्यात माशी गेली तरी हात उचलत न्हाई. एकाच्या उठण्याची होडीला सवय हाय. दोघांची न्हाई."

मी हो हो म्हणालो. ऐकल्यासारखं केलं. खरं सांगायचं तर मला वाटलं, ह्यांना काय ठाऊक, ह्यांचा भाऊ थोडाच आहे.

दुपारी भाकरी, ठेचा आणि वहिनींनी दिलेलं कमी तेलाचं पिठलं होडीतच खाल्लं. अण्णाने तोवर दोन मरळी काढल्या होत्या, हातभर नाही पण चांगल्या. दोन्ही वेळा बसून. त्याचा चेहरा वर्षभरात मी असा पाहिला नव्हता. मग वारा सुटला. पाण्यावर बारीक लाटा उठल्या, बाई म्हणाल्या, चला आता. आणि प्रत्येक गळवाला म्हणतो ते वाक्य अण्णा म्हणाला: "शेवटचा एक."

तो शेवटचा एक बुडालेल्या बाभळीच्या बुडाशी पडला आणि पाणी फुटलं. मोठी होती. काठी वाकली, फिरकी किरकिरली, अण्णा उभा राहिला. पाय फाकवून, फळीच्या बराबर मधोमध. मी नुकताच त्याचा सुटा बेडूक कोणाला टोचू नये म्हणून तळावरून उचलून मुठीत धरला होता. मी तसाच उठलो आणि दुसऱ्या हाताने त्याचा स्वेटर खेचला.

"बाळू, सोड!" अण्णा ओरडला.

होडी माझ्या बाजूला कलली आणि मी पाण्यात गेलो.

विहिरीत पोहायला शिकलेला मी, पण स्वेटर, बूट आणि ते थंडगार पाणी. मुठीतला काटा तळव्यात घुसला होता. चष्मा गेला. वर आलो तर होडी दोन हात लांब आणि होडीत अण्णा बसलेला. काठी त्याने तळाला टाकून दिली होती, मासा केव्हाच सुटला होता. दोन्ही हातांनी फळी धरून तो माझ्याकडे बघत होता, आणि जागचा हलत नव्हता.

"दादा, हलू नका! हललात तं तिघं बी जातो!" बाई ओरडल्या आणि वल्हं माझ्याकडे धरलं. "भाऊ, मागून धरा. बाजूनं न्हाई, मागून!"

मी होडीची मागची कड धरली. वर चढू दिलंच नाही त्यांनी. तसंच लोंबकळत मला उथळ पाण्यापर्यंत ओढत नेलं. माझी ट्यूब होडीत होती, मीच तिच्यावर बसलो होतो दिवसभर.

काठावर मी थरथरत बसलो आणि जे बोलायला नको होतं ते बोललो. "मी पाण्यात होतो आणि तू नुसता बसून राहिलास?"

अण्णाने आपला कोरडा स्वेटर काढून माझ्यापुढे धरला.

बाई माझ्या अंगावर गोधडी टाकत म्हणाल्या, "ते बसून ऱ्हायले म्हणून तुमी इथं बसून हायेत, भाऊ. आपला माणूस पाण्यात असताना बसून ऱ्हाणं लय अवघड असतंय."

पैसे द्यायला लागलो तर बाईंनी ठरल्यापेक्षा एक रुपयाही जास्त घेतला नाही. खाटेवरच्या नवऱ्याने मान वर करून विचारलं, "कोण पडलं?" बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "ट्यूबवाले व्हय!" आणि पुन्हा गोधडीत गेला.

औंढ्याला एका दवाखान्यात काटा कापून काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. परतीच्या गाडीत अण्णा खिडकीशी बसला होता. मी त्याची माफी मागायची ठरवत होतो, पण तेवढ्यात परभणी आलं.

दारात वहिनींनी माझा बांधलेला हात पाहिला, चष्मा नसलेला चेहरा पाहिला. "काय झालं?"

मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाला, "मी होडीत उभा राहिलो. माझ्यामुळं झालं." लहानपणी मी फोडलेल्या काचाही तो असाच आपल्या नावावर घ्यायचा.

वहिनी चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी काठ्या चादरीसकट उचलल्या आणि माळ्यावर ठेवल्या. दोन मरळींचं कालवण केलं, अण्णा जेवला आणि लवकर झोपला.

मी गप्प बसलो. गप्प बसण्यामागे भाऊ म्हणून माझं काहीतरी कारण असेल असं तुम्हाला वाटेल. कारण एवढंच होतं की मला बरं वाटलं. आता अण्णा पाण्यावर जाणार नाही, मला त्याची काळजी करावी लागणार नाही, असं वाटून मी घरी येऊन गाढ झोपलो. त्याला चार वर्षं झाली. अण्णाने एकदाही काठ्यांचा विषय काढला नाही. सकाळी फिरायला जातो, पेपर वाचतो, दुपारी टीव्हीपुढे डुलक्या काढतो. तब्येत उत्तम आहे, असं डॉक्टर म्हणतात.

परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो. वहिनी माळा आवरत होत्या. "ह्या काठ्या देऊन टाकू का हो कोणाला? नुसती अडगळ," त्यांनी अण्णाला विचारलं. अण्णा पेपरातून मान वर न करता म्हणाला, "दे." तो एवढाच शब्द होता, पण मला तिथे बसवेना. चहा न घेताच उठलो.

वहिनी, तुम्ही हा ब्लॉग वाचता हे मला माहीत आहे, म्हणून इथेच लिहितो. तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही. त्या दिवशी अण्णा उभा होता तेव्हा होडी स्थिर होती. मी उठलो म्हणून ती कलली, आणि पाण्यात मी पडलो. अण्णाच्या शर्टाचं टोकही भिजलं नाही. तुमची अट त्याने पुरी केली होती, धड परत आला होता. काठ्या कोणाला देऊ नका. त्याला कांताबाईंच्या होडीत जाऊ द्या, महिन्यातून एकदा, ठरलं होतं तसं.

सोबत मात्र मला पाठवू नका.